कोस्केलाबाईंचा निधी आणि पास्त्यांचा शनिवार

सरोवराकाठच्या टॅमरॅक गावात त्या वर्षी जून लागला तरी चर्चच्या उत्तरेच्या भिंतीशी बर्फाचा एक मळकट ढीग तसाच बसून होता. मार्लिस कांगासने त्याच्यावरून सरळ उडी मारली. वळसा घालून जाण्याइतकी ती त्या आठवड्यात शहाणी नव्हतीच. कोस्केलाबाईंचा निधी तिला मिळाला होता!

कोस्केलाबाई म्हणजे गावातल्या जुन्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. जिवंतपणी कोणाला उधार दिलं नाही, पण जाताना सगळा पैसा शाळेच्या पोरांसाठी ठेवून गेल्या. त्याची रीत मोठी काटेकोर. आधी सरकारची मदत धरायची, मग कॉलेजने दिलेली सूट, मग घरचे आणि उन्हाळ्यातल्या नोकरीचे पैसे. एवढं सगळं धरूनही खर्चाला जे भगदाड राहील, ते निधी बुजवणार, अगदी शेवटच्या डॉलरपर्यंत. पण वर्षाला एकाचंच. त्यासाठी निबंध लिहायचा, मुलाखत द्यायची, आणि सगळ्यांच्या पुढे जायचं. पहिल्याचं भागून काही उरलंच तर ते दुसऱ्याला, असंही बाईंनी लिहून ठेवलं होतं म्हणे. पण कधी काही उरल्याचं कोणाला आठवत नव्हतं, त्यामुळे ते कलम बहुतेक सगळे विसरूनच गेले होते.

दुसरी आली होती डोरिन लाह्ती. मार्लिसच्या आनंदात जो एक खडा होता तो हाच. पहिलीपासून दोघी एका बाकावर. दोघींना एकाच कॉलेजात प्रवेश मिळाला होता, खोलीही एकच मागितली होती, पडद्यांचं नारिंगी कापडसुद्धा आणून ठेवलं होतं. डोरिनचं भगदाड आठशे डॉलरचं, मार्लिसचं त्याहून मोठं. तिचा बाप आर्वो लाह्ती लाकडाच्या गिरणीत काम करायचा, बायको गेलेली, आठशे डॉलर आणणार कुठून?

"पडदे मी ठेवते हं," डोरिन म्हणाली होती. "माशांच्या शेडला लावीन. मासे साफ करताना जरा बरं दिसेल."

"गप गं!"

"तू रडू नकोस. जिंकलीयस तू, आणि नाक माझ्यापेक्षा लाल तुझंच."

तर त्या शनिवारी सकाळी चर्चच्या तळघरातून कांद्याचा आणि रुटाबागा या सलगमासारख्या कंदाचा वास आला, आणि मार्लिस जागच्या जागी थिजली. हा वास टॅमरॅकमध्ये एकाच कारणाने येतो. कोणाचं घर जळलं, कोणाचं ऑपरेशन निघालं, की बायका तळघरात जमून पास्त्या करतात आणि विकून पैसे त्या घरी पोचवतात. ज्याच्यासाठी करायचं त्याला मात्र आधी अवाक्षर कळू द्यायचं नाही, हा त्यातला मुख्य नियम.

ती धाडधाड जिना उतरली. खाली पिठाचा धुरळा उडालेला. मोठमोठ्या करंज्यांसारख्या पास्त्या ओळीने मांडलेल्या, आणि टेबलाच्या टोकाला डोरिन, बाह्या वर करून, भराभर मुरड घालत बसलेली. डोरिनसारखी मुरड त्या गावात कोणाला जमत नव्हती.

"आली बया!" डोरिन ओरडली. "फुटलं गुपित!"

"कोणासाठी आहे हे?"

"पोपसाठी! अगं तुझ्यासाठी, कॉलेजला चाललीयस ना!"

"थांबवा!" मार्लिस किंचाळली. "मावशी, सगळं थांबव!"

लेम्पी मावशीने लाटणं खाली ठेवलं. ती मार्लिसच्या आईची थोरली बहीण, आणि तळघरात तिचा शब्द पाद्रीबाबांच्या शब्दापेक्षा जड.

"का गं? रुटाबागा कच्चा राहिला?"

"मला मिळालेला प्रत्येक डॉलर निधीला सांगावा लागतो. तेवढा ते कापून घेतात. तुम्ही शंभर दिलेत की ते शंभर कमी देणार. मला काही जास्त मिळत नाही!"

 मग मावशीचा आवाज चढला. "म्हणजे पहाटेपासून आम्ही बटाटे चिरायचे आणि त्या कोस्केलाच्या तिजोरीत नेऊन घालायचे? जन्मात एक पास्ती विकत घेतली नाही तिने! फुकट चाखायची आणि म्हणायची, मीठ कमी आहे!"

बायका हसून हसून खाली बसल्या. मार्लिसने मावशीला दंडाला धरून भट्टीमागे ओढलं.

"मग हे डोरिनला देऊ या."

"आर्वोला सांगणार कोण? तू?" मावशी कुजबुजली. "तिची आई गेली तेव्हा दिले होते आम्ही. सगळे परत आणून दिले त्याने, वर एक ट्राउट मासा. लाह्तींना दुसऱ्याचं फुकट चालत नाही, बाळा."

तेवढ्यात विक्रीच्या खिडकीशी निएमी सर आले. शाळेचे हेडमास्तर आणि निधीचे चिटणीस, शनिवारीसुद्धा टाय लावणारे.

"दोन द्या. एक रुटाबागाशिवाय."

"तसली पास्ती आम्ही करत नाही," मावशी म्हणाली. "त्याला नुसता बटाटा म्हणतात."

मार्लिस पुढे झाली. "सर, हे पैसे माझ्यातून कापणार ना?"

"कापावेच लागतील. नियम आहे."

"आणि कापलेले?"

"निधीत राहतील."

"निधीत राहून कोणाचे?"

सरांनी पास्तीचा घास घेतला, चावला, छताकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "तसं म्हटलं तर दुसऱ्या क्रमांकाचे. अशी वेळ आजवर आली—"

मार्लिसने अशी आरोळी ठोकली की सरांची पास्ती टायवर पडली.

"मावशी! मला दे! सगळं मला दे! जितकं जमेल तितकं दे!"

"वेड लागलं का हिला?" डोरिनने टेबलावरून विचारलं.

"हो!" मार्लिस म्हणाली. "तू मुरड घाल!"

मावशीला उमगायला दोन श्वास लागले, आणि मग तिने लाटण्याने टेबल असं बडवलं की पिठाचा ढग उठला. "आणखी बटाटे आणा! कांगासांच्या तळघरातले, पाद्रीबाबांचे, ज्याचे असतील त्याचे!" बायकांच्या कानात तिने एकेक करून सांगितलं, आठशे जमले की तेवढेच निधीतून डोरिनला. फक्त डोरिनला सांगितलं नाही. डोरिनला खोटं जमत नाही, तिचे कान लाल होतात, आणि आर्वो ते कान ओळखतो.

मग जे सुरू झालं ते टॅमरॅकमध्ये पुढे कितीतरी वर्षं सांगत होते. मार्लिसने पीठभरल्या एप्रनने हमरस्त्यावर उभं राहून लाकडाचे ट्रक अडवले. मासे धरायला आलेल्या शिकागोच्या चार पाहुण्यांना, पास्तीशिवाय सरोवरावर गेलं की वारा फिरतो, असं सांगून डझनभर खपवल्या. पास्तीवर ग्रेव्ही घ्यायची की केचप यावरून दोन म्हातारे भांडले, तर तिने दोघांना आपापला मुद्दा सिद्ध करायला सहा-सहा घ्यायला लावल्या. खाली डोरिन मुरड घालून घालून बोटं झाडत होती.

"काय खायचंय काय तुला कॉलेजात? सोनं?" ती म्हणाली.

"हो, आणि नारिंगी पडदे!"

"ते माझे आहेत."

दुपार कलली, बटाटे संपले, भट्टी निवायला लागली. मावशीने डबा मोजला. आठशेला अठरा डॉलर कमी. ट्रेमध्ये शेवटच्या बारा पास्त्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही.

जिन्यावर जड बूट वाजले. आर्वो लाह्ती. अंगावर लाकडाचा भुसा, टोपी हातात.

"किती राहिल्या?"

"बारा," मावशी म्हणाली.

"सगळ्या दे." त्याने अठरा डॉलर टेबलावर ठेवले. "कांगासच्या पोरीने गावाचं नाव काढलं. शिकू दे तिला."

मावशीने भट्टीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मार्लिसने एप्रन तोंडात कोंबला. कोपऱ्यात कॉफीबरोबर वेलदोड्याचा पाव खात बसलेले निएमी सर तेवढे गंभीरपणे उठले, डबा घेतला, आणि प्रार्थनेच्या वेळी बोलतात त्या सुरात म्हणाले, "मार्लिसच्या रकमेतून हे वजा होतील. निधीत आठशे डॉलर शिल्लक राहतात. नियमाप्रमाणे ते दुसऱ्या क्रमांकाला. डोरिन लाह्ती."

डोरिनच्या हातातलं पीठ खाली पडलं.

"आम्हाला फुकटचं नको," आर्वो म्हणाला.

"फुकट?" सरांनी चष्म्यावरून बघितलं. "बावीस मुलं बसली होती. वीस जणांना मागे टाकलंय तिने. जिंकलेलं आहे ते."

आर्वोने पास्त्यांकडे बघितलं. मग मावशीच्या हलणाऱ्या खांद्यांकडे, मग कोपरापर्यंत पांढऱ्या झालेल्या आपल्या पोरीकडे. तिचे कान काही लाल नव्हते. ती खरोखरच काही जाणत नव्हती. 

"लेम्पी," तो शेवटी म्हणाला, "मला गंडवलंस तू."

"पैसे परत मिळणार नाहीत."

"परत कोण मागतंय? गार झाल्यात, गरम करून दे."

मग मात्र दोघी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आणि पिठाचे दोन ठसे एकमेकींच्या पाठीवर घेऊन टेबलाभोवती नाचत सुटल्या. डोरिन ओरडत होती, "वेडे! मी दिवसभर माझ्याच फीची मुरड घालत होते!" बायका टाळ्या पिटत होत्या, सरही पायाने ताल धरत होते.

आर्वो बाकावर बसला आणि शांतपणे पास्ती खायला लागला. कडेची मुरड त्याने शेवटपर्यंत राखून ठेवली होती.

"पोरीच्या हातची पास्तीसुद्धा रोख मोजून खाल्ली," तो तोंड पुसत म्हणाला. "आता कोणी म्हणून दाखवा, लाह्ती फुकट खातात म्हणून."