पारोळ्याला काइफ, एरंडोलला तस्का

देवचंदभाऊंनी तेहतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, त्यातली निम्म्याहून अधिक धुळे-बोदवड गाडीवर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी देवपूरच्या घरात दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटले की त्यांची गाडी सुटायची. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं पापण्यांच्या आतून सरकत राहायची आणि खुर्ची जागची हलत नसतानाही भाऊंचं अंग डुलायचं. याच डुलकीत, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांनी रशियन भाषा शिकायला घेतली. तीही पुस्तकातली नाही, तिकडची पोरंटोरं रस्त्यात बोलतात ती.

कारण प्राची. एकुलती एक लेक, व्होल्गेकाठच्या एका शहरात डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी संध्याकाळी पाचला तिचा फोन यायचा आणि तो एकट्या घराचा कधीच नसायचा. भाऊ स्वतः ओट्यावर सतरंजी टाकायचे, फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायचे आणि गल्लीला हाका मारायचे. समोरच्या भिकुबाई अक्का आपली खुर्ची आपणच घेऊन यायच्या आणि पहिल्या रांगेत बसायच्या.

"प्राची, बर्फ दखाड ना," अक्का म्हणायच्या. प्राची फोन खिडकीकडे वळवायची. गल्ली "अगं बाई" करायची. मग कोणी विचारायचं, थंडी कितली शे? कोणी विचारायचं, डॉक्टरीनबाई, मना गुडघासले काय औषध? प्राची सगळ्यांना उत्तरं द्यायची, आणि शेवटी आईला सांगायची, मी मजेत आहे.

मध्येच तिची खोलीतली रशियन मैत्रीण मागून आपल्या भाषेत काहीतरी बोलायची. प्राची मान न वळवता त्याच भाषेत भराभर उत्तर द्यायची, आणि हसायची. ते हसू भाऊंना फार आवडायचं. दिवाळीनंतर मात्र उत्तर यायचं, हसू यायचं नाही. आवाज कोणीतरी दिव्याची वात खाली करावी तसा व्हायचा, आणि पुढच्याच क्षणी ती गल्लीकडे वळून म्हणायची, मजेत आहे. तिच्या आईला, सुनंदाबाईंना, हे काही जाणवलं नाही. भाऊंना जाणवलं, आणि ते मनातून घाबरले. लेक खरंच बरी आहे का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मैत्रिणीशी ती काय बोलते ते समजलं तर कळेल, असं त्यांना वाटलं.

दोन घरं सोडून किरण राहायचा. तिकडूनच डॉक्टर होऊन आलेला आणि आता इथल्या परीक्षेचा अभ्यास करत घरात कोंडून बसलेला. भाऊंनी त्याला गाठलं.

"भाऊ, पुस्तकातली भाषा बोललात तर ती सरकारी नोटीस वाटेल," तो म्हणाला. "पोरं काय बोलतात ते घ्या."

आणि त्याने पहिला शब्द दिला तो 'दवाय'. चल म्हणजे दवाय, दे म्हणजे दवाय, बरं ठेवतो म्हणजेही दवाय. भाऊ खूश झाले. तेहतीस वर्षं दोन घंट्या मारून ते दुसरं काय सांगत होते? मग 'काइफ' आला. थंडीत पाठीवर ऊन घेत बसल्यावर जे होतं ते काइफ. ठेच लागली की म्हणायचं 'ब्लीन', ज्याचा खरा अर्थ आपलं घावन. भाऊंना हे काही केल्या पटेना, पण त्यांनी घेतलं. सतत का, का विचारून डोकं खाणारं पोर म्हणजे 'पचिमूच्का'. हा शब्द भाऊंनी दोनदा म्हणून पाहिला, कारण प्राची सहा वर्षांची असताना तिला हाक मारायला त्यांच्याकडे हा शब्द असायला हवा होता, असं त्यांना मनापासून वाटलं.

"आणि कोणी कसं काय विचारलं तर 'नर्माल्ना'," किरण म्हणाला. "बरं चाललंय. माणूस बुडत असला तरी हेच म्हणतो."

"आपलं मजेत आहे तसंच की."

"तसंच," किरण म्हणाला, आणि का कोण जाणे, पुस्तकाची पानं उलटत राहिला. शेवटी त्याने एक शब्द सांगितला, 'तस्का'. तिकडच्या पहिल्या हिवाळ्यात आपण हाच सर्वांत आधी शिकलो, म्हणाला. काही हरवलेलं नसतं, कुणी मेलेलं नसतं, आणि तरी जीव कशातच लागत नाही.

पाठांतराची भाऊंची पद्धत त्यांची त्यांनीच काढली. त्यांनी शब्द थांब्यांवर उतरवले. फागण्याला प्रिव्येत, म्हणजे नमस्कार. मुकटीला दवाय. पारोळ्याला काइफ. एरंडोलला तस्का. पुढे किरण रोज देई ते नवे शब्द पाळधीपासून पुढच्या थांब्यांवर. खुर्चीत डोळे मिटून ते पुटपुटायचे, आणि धान्य निवडत बसलेल्या सुनंदाबाई म्हणायच्या, "हाई काय खूळ लागनं तुम्हले?" पण भाऊ तोवर पारोळ्याच्या पुढे गेलेले असत. खिडकीबाहेर पांढरंशुभ्र रान पसरलेलं असे. ते कापसाचं होतं की बर्फाचं, हे डुलकीत कधी कळलं नाही. गाडीत दुसरं कोणी नसे. मागच्या बाकावर खिडकीशी प्राची बसलेली असे, मांडीवर शाळेचं दप्तर घेऊन. कुठं उतरायचं, बेटा? ते विचारत. ती बाहेर पाहत म्हणे, नर्माल्ना. एरंडोल जाई, पाळधी जाई, जळगाव जाई, आणि ती कुठेच उतरत नसे. भाऊ दचकून जागे होत तेव्हा त्यांचे हात गार पडलेले असत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी ओटा नेहमीसारखा भरला. कुणीतरी तिळाचे लाडू फोनसमोर धरून दाखवले. तेवढ्यात तिकडे मैत्रीण काहीतरी विचारून गेली, आणि प्राचीने हळूच उत्तर दिलं. भाऊंच्या कानाने त्यातले दोन तुकडे टिपले. तस्का. आणि 'न्ये मगू', मला झेपत नाही.

"मजेत आहे मी, अक्का," प्राची लगेच गल्लीला म्हणाली.

भाऊ लाडवाचं ताट हातात धरून तसेच उभे राहिले. प्राचीला जाऊन सोळा महिने झाले होते. या सोळा महिन्यांत पोरीला आपण एक रविवार एकटीचा दिला नाही. सतरंजी कोणी टाकली? आपण. हाका कोणी मारल्या? आपण. एवढ्या माणसांसमोर कुठली लेक सांगेल की माझं काही बरं चाललेलं नाही? लाजेने त्यांचे कान तापले. लेकीचं कौतुक गल्लीत मिरवता मिरवता त्यांनी तिच्या तोंडाला कुलूप घातलं होतं.

ते माठापुढे खाली बसले.

"प्रिव्येत, प्राची," ते म्हणाले. "नू काक? चेस्ना." कसं काय, खरं सांग.

ओट्यावर हशा फुटला. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. "देवचंदभाऊ साहेब व्हयी गयात," कोणी म्हणालं. प्राची थक्क होऊन पाहत होती.

"पप्पा, तुम्ही हे..."

"चेस्ना," भाऊ पुन्हा म्हणाले. ते हसत नव्हते.

तिला कळलं. गल्लीसाठी तिने ओठांवरचं हसू तसंच ठेवलं, आणि बापाच्या नवशिक्या कानाला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "प्लोखा, पापा. ओचिन प्लोखा. खचू दमोय."

वाईट चाललंय. फार वाईट. घरी यायचंय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "कशी फाडफाड बोलस दख," भिकुबाई अक्का कौतुकाने म्हणाल्या. सुनंदाबाईंनी पदराने डोळे पुसले, अभिमानाने. एवढ्या माणसांत त्या तीन वाक्यांचा अर्थ एकट्या भाऊंना माहीत होता, आणि त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"दवाय," ते म्हणाले. "दवाय, दमोय." ये, घरी ये.

पुन्हा टाळ्या पडल्या. भाऊंनी फोन उचलला आणि उभे राहिले.

"चला, उठा आते बठ्ठा जन," त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं. "माले मनी पोरसंगे बोलनं शे."

"अरे, आते तर पाच वाजनात," अक्का म्हणाल्या. सुनंदाबाईही चकित झाल्या. पण भाऊंनी कोणाला उत्तर दिलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि दाराला आतून कडी घातली. मग कॉटवर बसून त्यांनी फोन समोर धरला. प्राचीच्या ओठांवरचं हसू अजून तसंच होतं. ते उतरवायचं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

बाहेर खुर्ची सरकल्याचे, चपला घातल्याचे आवाज झाले, आणि थांबले.

"पप्पा," ती म्हणाली, सोळा महिन्यांत पहिल्यांदा घरच्या बोलीत, "बठ्ठा गयात का?"

"गयात, बेटा."

मग ती रडायला लागली, आणि भाऊंनी तिला रडू दिलं.