सरांचं नाव

"अडकलात की डावा हात टेबलावर ठेवा. मी खटका दाबते," बायको म्हणाली आणि राउटरशेजारी स्टूल ओढून बसली.

त्याने मान हलवली. नेट जाणं ही एकच गोष्ट अशी होती, जिच्याबद्दल आजवर कुणी त्याच्याकडे खुलासा मागितला नव्हता.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात कपाटावर निळी चादर ताणलेली होती. चादरीच्या पुढे तो 'सर' होता. मागे पिठाचे डबे होते.

सात महिन्यांपूर्वी तो पार्सल कचेरीच्या खिडकीत बसायचा. लहानपणापासून अडखळणारा. खिडकीपलीकडची माणसं त्याचे शब्द पुरे करायची, चुकीचे पुरे करायची आणि वर हसायची. दुसऱ्याच्या तोंडातला शब्द ओढून घेण्याइतकं फुकटचं पुण्य नाही. ज्याला त्याला ते कमवायचं असतं.

एका रविवारी त्याने फोन समोर ठेवून अडखळणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगितल्या. श्वास कसा सोडायचा, अवघड शब्दाला बगल कशी द्यायची. सांगायला दोन तास लागले. बायकोने अडकलेला प्रत्येक क्षण कापला आणि त्याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. त्यात तो बातम्या देणाऱ्यासारखा बोलत होता. मेव्हण्याने मथळा ठोकला, 'माझं अडखळणं कसं गेलं'. गेलं नव्हतं. कापलं होतं. पण लोकांनी पाहिलं, एकमेकांना पाठवलं, खाली रडून लिहिलं.

"जाहिरातींचे पैसे मिळेतो म्हातारे व्हाल, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "त्यापेक्षा एकेकाला व्हिडिओ कॉलवर शिकवा. समोरासमोर. तासाला इतके म्हणून सांगायचं."

समोरासमोरचं कापता येत नाही, हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा त्याने नोकरी सोडली होती आणि खिडकीत दुसरा माणूस बसला होता.

मग त्याने वाट काढली. "बोला," एवढंच म्हणायचं. हा शब्द त्याला यायचा. पुढे "हं". पुढे पुन्हा "हं". शंकांची उत्तरं तो नंतर लिहून पाठवायचा. लिहिताना तो वाघ होता. माणसं बोलत सुटायची. जन्मात पहिल्यांदा कुणी मध्ये तोंड घातलं नाही म्हणून काही जण हुंदके द्यायचे आणि अभिप्रायात लिहायचे, 'सर किती ऐकून घेतात!' याचे तो पैसे घेत होता.

पडद्यावर एक नर्स आली. गणवेशातच होती, मागे औषधांच्या खोक्यांची चळत.

"बोला," तो म्हणाला.

"उ-उद्या मुलाखत आहे, सर. कायम होण्याची. आठ वर्षं वॉर्डात काढली. सुई टोचायला मी, शिव्या खायला मी, आणि कायम होतात त्या ग-ग-गोड बोलणाऱ्या."

"हं."

"बाकी प्रश्नांचं बघून घेईन. पहिलाच वैरी आहे. आपलं नाव काय."

"हं."

"आज नुसतं हं नको, सर. तुमचे सगळे व्हिडिओ पाहिलेत मी. दोनदोनदा. ए-एकातही तुम्ही नाव घेत नाही. खाली पट्टीवर लिहिलेलं असतं नुसतं." ती हसली. "आधी तुम्ही म्हणून दाखवा. मग मी म्हणते. तुमच्या तोंडाकडे बघून शिकेन."

बायकोने चमकून वर पाहिलं.

बाकी प्रत्येक शब्दाला चोरवाट असते. 'पाणी' अडलं तर 'तहान लागलीय' म्हणता येतं. नावाला चोरवाट नाही. शाळेच्या हजेरीत, नोकरीच्या पहिल्या दिवशी, लग्नाच्या बोलणीत, दर वेळी अडखळण्याने त्याला तिथेच गाठलं होतं.

त्याने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली, मान ताठ झाली, डोळे मिटले. डावा हात टेबलावर ठेवायचा होता. त्याने तो मांडीवर आवळून धरला. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर नर्स तशीच बसलेली होती. तिने नजर वळवली नाही, शब्द पुरवला नाही, हसली नाही. असं त्याच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. त्याच्या मनात आलं, नाव निघालं की लगेच सांगून टाकू. बाई, माझं अडखळणं काही गेलेलं नाही. तरी बोलू या.

बायकोचा हात खटक्यावर गेला. त्याने मान हलवली, नको. पहिलं अक्षर दातांपर्यंत आलं.

खट्.

"का?" हे मात्र त्याच्या तोंडून सरळ निघालं.

"बघवेना मला," बायको म्हणाली. "गळ्याच्या शिरा फुटतील असं वाटलं."

"मी स-स-सांगणार होतो."

"काय सांगणार होतात? जे आहे ते? आणि मग? ती खिडकी रिकामी ठेवलीय का त्यांनी तुमच्यासाठी?" तिचा आवाज चढला आणि लगेच बसला. "माझ्या एकटीच्या बेकरीतल्या पगारावर हे घर चालत नाही हो. मी काय हौसेने बसते का इथे, खटका धरून?"

फोनवर नर्सचा निरोप आला. 'नेट आलं की सांगा, सर. मी थांबलेय.' बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला आणि लिहिलं, 'आज नेट येणार नाही. उद्यासाठी शुभेच्छा.' खाली एक फूलही टाकलं.

तिसऱ्या दिवशी नर्सचा अभिप्राय झळकला. पाच तारे. 'सरांनी माझ्यासमोर स्वतःचं नाव एका दमात घेतलं. तसंच मीही मुलाखतीत घेतलं.' संध्याकाळपर्यंत नोंदण्यांची रांग लागली, आणि जो तो एकच लिहीत होता. नाव शिकायचंय. मेव्हण्याने फोन करून शिट्टी मारली.

त्याने जिन्यात जाऊन नर्सला फोन लावला.

"हॅलो," ती म्हणाली. "कोण?"

त्याचा शब्द नव्हे, श्वाससुद्धा सुटेना. पलीकडे ट्रॉलीची चाकं खडखडत गेली.

"सर का?" ती हळूच म्हणाली. "घ-घ्या वेळ. मी फोन ठेवत नाही."

पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "ख-खोटं का लिहिलंत?"

"मग काय लिहू? आत गेले. विचारलं नाव. माझी दातखीळ बसली. मुलाखत घेणाऱ्यांतल्या एका साहेबांनी कागद पुढे सरकवला. म्हणाले, लिहून द्या. आ-आठ वर्षं त्यांच्याच वॉर्डात आहे मी. घरी सासूबाई, नवरा, सगळे दारात उभे होते. सांगितलं, म्हटलं मी नाव, फाडफाड म्हटलं. पण मी कायम होणार नाही हे त्यांना कळेलच की महिन्याभरात. तेव्हा निदान नाव तरी घेतलं होतं असं राहू दे. क-कुणी शंका घेतली तर सरांनी शिकवलं म्हणायला तुमचा दाखला आहे."

"मी ख-खरं सांगणार आहे. सगळ्यांना."

"नका, सर." ती विनवत नव्हती. रात्रपाळीत पेशंटला बजावावं तसं म्हणाली. "तुमचं अडखळणं कुठे गेलंय ते मला त्या दिवशीच दिसलं. मी कुणाला बोलले? मग तुम्हीही बोलायचं नाही. तुमचं फुटलं की माझंही फुटतं."

त्याने "हं" म्हटलं.

पुढच्या मंगळवारी दुपारी पडद्यावर म्हातारा गवंडी आला. बायको बेकरीत होती. कामाचे तास वाढवून मागितले होते तिने. स्टूल मोकळं होतं.

गवंड्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. नखांतलं सिमेंट तेवढं गेलं नव्हतं.

"ल-लेकीच्या सासरी फोन लावतो, सर," तो म्हणाला. "ते विचारतात, कोण? मी कोण ते स-सांगताच येत नाही. त्यांना वाटतं व्याही लई अकडू आहे." तो स्वतःच खो खो हसला. मग सावरून बसला. "त्या नर्सबाईंनी ल-लिहिलंय तसं करू. आधी तुम्ही."

तो "बोला" म्हणाला. गवंडी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून वाट बघत राहिला.

त्याने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली. डोळे मिटू द्यायचे नाहीत, असं त्याने ठरवलं आणि पडद्याकडे बघत राहिला.

गवंडी पुढे वाकला होता. फीच्या पावतीवर वाचलेल्या सरांच्या नावाच्या पहिल्या अक्षरासाठी त्याचेही ओठ आवाज न करता उघडले होते, आणि तो त्यांना तसेच धरून थांबला होता.