म्हाळसाचं दहा बाय बाराचं घर

माझं घर दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे. मांडवगण फराट्याच्या शिवारात, उसाच्या बांधाला. पुढं पत्र्याची पडवी आहे, पण ती मी घरात धरत नाही, कारण म्हाळसा धरायची नाही. म्हाळसा माझी बायको. तिला जाऊन आठ महिने झाले.

एकतीस वर्षांपूर्वी आम्ही मेंढरं विकली, हे रान घेतलं आणि हे घर बांधलं. त्याआधी आमचा सगळा संसार एका घोडीवर असायचा. पाल, भांडी, पीठ, वर उलटी बांधलेली बाज, तिच्यात कोकरं आणि लहानगा संपत. घोडीवर ओझं भरायचं काम बायांचं, आणि ते कुणालाही जमत नाही. मुक्कामाला जे आधी लागतं ते शेवटी चढवायचं. एका अंगाला भार जास्त झाला तर जनावराची पाठ सोलते. म्हाळसाच्या हातून घोडीला एकदाही जखम झाली नाही. बरोबरच्या बिऱ्हाडांतल्या म्हाताऱ्या नव्या सुनांना तिच्याकडं शिकायला धाडायच्या.

घर बांधताना गवंड्यानं खोल्या किती काढायच्या म्हणून विचारलं. ती म्हणाली, एक. दुसऱ्या खोलीत ठेवायला आपल्याकडं आहेच काय? पुढं संपत दौंडला रेल्वेत लागला, त्याला क्वार्टर मिळालं, त्यानं चार वेळा स्लॅबच्या घराचं काढलं. ती ऐकायची नाही.

"घर वाढलं की ऊस कमी व्हतो आन् झाडलोट वाढती," म्हणायची.

संपतचा मुलगा हृतिक लहानपणापासून आमच्याकडंच राहिला. आता रांजणगावला कंपनीत जातो, फाट्यावर गाडी येते. पंचवीस वर्षांचा आहे, निर्व्यसनी आहे. तरी त्याची दोन स्थळं मोडली, आणि दोन्ही घरावरून मोडली. पहिल्या पोरीची आई दारात उभी राहिली, आत बघितलं आणि म्हणाली, "हे झालं. बाकीचं घर कुठं हाय?"

आमच्यात घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत करतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. चार महिने हातात होते. त्यात आमच्या नात्यात लग्नं जुळवणाऱ्या म्हाळू मामांनी केडगावकडचं स्थळ आणलं. मुलगी हर्षदा, नर्सिंग केलेली, दौंडला दवाखान्यात कामाला. मुलीचा बाप हौशीराम, घरचा कारभार त्याच्या आईच्या, विठाबाईच्या हातात. ती मंडळी रविवारी घर बघायला येणार होती. मामांनी त्यांना चार खोल्यांचं घर म्हणून सांगून ठेवलं होतं.

"कुठल्या चार खोल्या?" मी विचारलं.

"सावळाचा बंगला हाय की बांधापल्याड," मामा म्हणाले. सावळा माझा धाकटा भाऊ. "भावाचं म्हंजी आपलंच. खोटं कुठं बोललोय?"

"आबा, तासाभराचा प्रश्न हाय," संपत म्हणाला. "आईचं घर वाईट हाय असं मी म्हणत न्हाई. पण हौशीराम दारातनंच माघारी जाईल. मग पोरानं तीन वर्षं काय करायचं?"

मी हो म्हणालो नाही, आणि नाही पण म्हणालो नाही. तिथं माझं चुकलं.

रविवारी दोन जीपमधून अकरा माणसं आली, हर्षदाही त्यांत होती. सावळाच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसली. मीही बसलो, पाहुण्यासारखा गुडघे जुळवून. सावळाच्या बायकोनं पोहे आणले. म्हाळू मामा हौशीरामला घर दाखवत फिरत होते. "हे किचन. कडप्पा हाय बघा. ही बेडरूम, ही पण बेडरूमच." हौशीराम मान डोलवत होता. हृतिक कोपऱ्यात उभा होता, आणि त्याच्याकडं बघवत नव्हतं.

विठाबाई माझ्याच वयाची असेल. हातात काठी, पदराच्या गाठीला भंडारा. तिनं पोह्यांना हात लावला नाही.

"आधी देवाला भंडारा लावते," ती म्हणाली. "देव कुठं हाईत?"

सावळाच्या बायकोनं तिला काचेचा देव्हारा दाखवला. आत रंगीत दिवे लागतात. विठाबाईनं वाकून बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

"ह्या तसबिरी झाल्या. टाक कुठं हाईत?"

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले घरचे देव. आमच्यात ते थोरल्या भावाच्या घरी असतात, धाकट्याकडं जात नाहीत. सोफा, कडप्पा, पोहे, सगळ्याची तयारी झाली होती. देव माझ्या घरी आहेत हे एवढ्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही.

मग म्हाळू मामा म्हणाले, "पॉलिशला दिल्यात."

"देव पॉलिशला?"

"दौंडला. काळे पडले व्हते जरा."

"म्हाळू, देव काय पायातलं पैंजण हाईत व्हय?" विठाबाईनं काठी फरशीवर टेकवली. "हे धाकट्याचं घर हाय. मला थोरल्याचं दाखवा, न्हाईतर जीप वळवा."

संपतनं माझ्याकडं बघितलं. मान अगदी बारीक हलवून नको म्हणत होता. मी उठलो.

"थोरला मी," म्हणालो. "आन् खोटं माझ्यामुळं झालं. मी बोललो न्हाई. घर त्या बांधाला हाय. चला."

बांधावरून आम्ही ओळीनं निघालो. मागं हौशीराम मामांना दबक्या आवाजात काहीतरी सुनावत होता. मला भीती वाटायला हवी होती, पण सकाळपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता येत होता.

विठाबाई आधी आत गेली. कोनाड्यात देव आहेत, त्यांना भंडारा लावला, मलाही लावला. मग पत्र्याच्या पेटीवर बसली आणि घर बघायला लागली. ते घर कसं आहे ते सांगतो. आढ्याला दोन आडव्या काठ्या आहेत, त्यांवर दिवसा अंथरुणं असतात. पेटीत धान्य, पेटीवर बसायचं. भिंतीत सात कोनाडे. जमिनीवर काही ठेवायचं नाही, कारण जमीन माणसांसाठी. नवी वस्तू आली की जुनी एक बाहेर जायची. मी एकदा जत्रेतून टेबलफॅन आणला, तर म्हाळसानं आठवडाभर विचार करून माझ्या दोन जुन्या पेट्यांमधली एक सावळाच्या घरी पोचवली.

विठाबाईनं बसल्या जागेवरून डावा हात लांबवला. चहाचं पातेलं हाताला लागलं. उजवा लांबवला, साखरेचा डबा. तिनं डबा उघडून बघितला आणि परत ठेवला.

"बाई ओझं भरणारी व्हती," ती म्हणाली.

"व्हय. वीस वर्षं भरलं."

"दिसतंय. मी पण भरलंय. पण माझ्या घोडीला दोनदा लागलं व्हतं." ती हौशीरामकडं वळली. "बघून घे. तुझ्या चार खोल्यांत मला कवाच चष्मा सापडत न्हाई."

मला जे वाटलं ते सांगता येत नाही. आठ महिन्यांत लोक म्हाळसाबद्दल चांगलं बोलून गेले होते, गरीब होती, कष्टाळू होती. तिला काय येत होतं ते कुणी बोललं नव्हतं.

मी चहा टाकला. अकरा माणसं ते आणि सहा आम्ही. पेटीवर तीन, खाटेवर तीन, घोंगडीवर बाया, पडवीत गडी. एकालाही उभं राहावं लागलं नाही. कप सतरा निघाले आणि ते शोधावे लागले नाहीत.

हौशीराम मात्र कप खाली ठेवून म्हणाला, "हे सगळं ठीक हाय, आबा. पण माझ्या पोरीनं राहायचं कसं? तुम्ही एक, ही दोघं. उद्या लेकरू झालं तर?"

"मी पडवीत झोपतो. पहिल्यापासनं," मी म्हणालो. "उन्हाळ्यात पत्रा तापतो. वर उसाचं पाचट टाकतो, तरी दुपारी आत बसवत न्हाई. भांडण झालं की एकानं बांधावर जायचं."

"कुणी जायचं?" विठाबाईनं विचारलं.

"मीच जायचो."

बाया हसल्या. हर्षदा हसली नाही. ती उठून दाराशी उभी राहिली होती आणि चौकटीकडं बघत होती. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

"आबा, आजी आजारी होत्या तेव्हा त्यांना इथंच ठेवलं होतं?"

"शेवटचे दोन महिने."

"मग या दारातनं त्यांना बाहेर कसं नेलं?"

संपत म्हणाला, "नेलं की. अँब्युलन्स आली व्हती."

त्याला माहीत नव्हतं. तो त्या दिवशी ड्यूटीवर होता, परस्पर दवाखान्यात पोचला. मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं नसतं तरी चाललं असतं, विठाबाईचा होकार तोंडावर आला होता. पण ती पोर नर्स होती, आणि तिनं बरोबर विचारलं होतं.

"स्ट्रेचर आत आलंच न्हाई," मी म्हणालो. "दार सव्वादोन फुटाचं, आन् आत लगेच हा ओटा. वळंना. पोरांनी आडवं केलं, उभं केलं. शेवटी ती म्हणाली, मला घोंगडीत घाला. चौघांनी चार टोकं धरली. तिला दम लागलेला, बसता येत नव्हतं. दारात तिचा खांदा चौकटीला आपटला. मोठ्यानं ओरडली. घर बांधताना आत काय मावंल ते आम्ही बघितलं. आजारी माणूस बाहेर कसं न्यायचं ते आमच्या ध्यानात आलं न्हाई. पालाला दार नसतं, कापड वर केलं की झालं."

संपत पडवीतून उठून उसाकडं गेला. हौशीराम उठला. "कळवतो," म्हणाला. निघताना विठाबाईसुद्धा नुसतं "येते" म्हणाली.

जीप गेल्यावर म्हाळू मामांनी कपाळाला हात लावला. "जमलं व्हतं, हरिबा. म्हातारी खूश व्हती. आन् तू घराचा दोष सांगत बसलास."

"तिनं विचारलं."

"मी देव पॉलिशला घातलं तुझ्यासाठी! तुला एवढं जमलं न्हाई?"

हृतिक कप विसळत होता. तो म्हणाला, "मामा, सोडा. आबा बोलले ते बरं झालं. दोन स्थळांना मी हे घर दाखवताना खाली मान घातली होती. आज नाही घातली."

संपत बऱ्याच वेळानं परत आला. दारापाशी बसून चौकटीवरून हात फिरवत राहिला. मग क्वार्टरला निघून गेला.

बुधवारी विठाबाईचा फोन आला. पोर हो म्हणाली होती, हौशीराम अजून कुरकुरत होता, पण त्याचं मी बघते म्हणाली. मग फोन हर्षदाकडं दिला.

"आबा, दार चार फुटांचं करा," ती म्हणाली. "आणि तो ओटा पलीकडच्या भिंतीला घ्या. एवढं झालं की मी येईन. पुढं खोली लागली तर आम्ही दोघं बघू."

"करतो."

"आणि बाकी भांडी हलवू नका. कुठं काय आहे ते मी बघून ठेवलंय."

मी गवंडी बोलावला. संपत रजा टाकून आला. मला वाटलं, आता हा म्हणेल की गवंडी आहेच तर दोन खोल्या काढू. तो म्हणाला नाही. पहार त्यानंच घेतली. चौकट म्हाळसानं उभी राहून बसवून घेतली होती, ती निघायला अख्खी सकाळ गेली. नवी बसली तेव्हा मी गवंड्याला पडवीत थांबवलं. लोखंडी खाटेवर खताची दोन पोती टाकली. दोन टोकं संपतनं आणि हृतिकनं धरली, दोन मी आणि गवंड्यानं. खाट सरळ बाहेर आली, कुठं टेकली नाही, दोन्ही अंगाला वीतभर जागा राहिली.

मी ती परत आत न्यायला लावली आणि आणखी एकदा बाहेर काढली.