शकुबाईची खरवड

माझ्या आईला, शकुबाईला, कुणी गरम ताट वाढलंय असं मी कधी पाहिलं नव्हतं. धानोऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या शाळेत तिनं बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. आधी पोरं जेवायची, मग मास्तर, आणि सगळ्यांत शेवटी आई. पोरं जास्त आली की गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाला लागलेली खरवड तेवढी उरायची. ती उलथण्यानं खरडून आई चुलीकडे तोंड करून खायची. मी त्याच शाळेत शिकले, दुसरीपासून हे बघत आले, आणि तेव्हापासून माझ्या पोटात एक राग बसला आहे. नेमका कुणावर ते सांगता येणार नाही, बहुतेक सगळ्यांवरच.

या जूनमध्ये आईनं काम सोडलं आणि आठ दिवसांसाठी आमच्याकडे गडचांदूरला आली. धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायचे होते म्हणून बाबा गावीच राहिले. मी सुनिलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगून टाकलं की आईला चंद्रपूरच्या त्या नव्या हॉटेलात न्यायचं. ती खुर्चीत बसेल, कुणीतरी तिच्यापुढे गरम ताट आणून ठेवेल आणि ती सगळ्यांच्या आधी जेवेल, एवढंच मला बघायचं होतं. सुनिल सिमेंट कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. भांडण न करण्याचाच त्याला पगार मिळतो की काय, असं मला कधी कधी वाटतं. तो लगेच हो म्हणाला आणि गाडी पुसायला गेला.

हॉटेलचं नाव ‘बांबू अँड स्मोक’. माझ्या बँकेतल्या बायका महिनाभर त्याचंच कौतुक करत होत्या. छताला बांबूच्या टोपल्या उलट्या टांगून त्यात दिवे लावले होते. आई लग्नाकार्यात नेसते ते हिरवं पातळ नेसून आली होती. एसीची झुळूक लागली तसा तिनं पदर कानावरून घेतला आणि टोपल्यांकडे बघत, धान भरायच्या कामाच्या चांगल्या टोपल्या यांनी अशा वाया घालवल्या म्हणून हळहळली. वेटर तरुण आणि नम्र होता. मी त्याला बजावून सांगितलं की आईचं ताट सर्वांत आधी आण, आमचं मागून आलं तरी चालेल.

त्यानं तसंच केलं, त्याला दोष नाही. आईसाठी मी वास्त्यांचा भात मागवला होता. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी शिजतात. मला वाटलं, ओळखीचं काही असलं तर ती बिचकणार नाही. भात आला तो काचेच्या झाकणाखाली, धुरानं भरून. वेटरनं झाकण उचललं आणि धूर सरळ आईच्या तोंडावर गेला. बावीस वर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या बाईला आणखी धूर खाऊ घालायला मी चाळीस किलोमीटर घेऊन आले होते. धूर ओसरल्यावर परातीएवढ्या ताटात मुठीएवढा भात दिसला, त्यावर चार चकत्या, आणि कडेला बोटानं ओढल्यासारखी चटणीची रेघ.

एसी कमी करायला कुणी ऐकेना म्हणून मी तणतणत काउंटरवर गेले. मॅनेजरशी माझं जरा वाजलं. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा माझ्या आणि सुनिलच्या बशा आलेल्या होत्या, आणि आई हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्यापुढे काहीच नव्हतं. मी विचारलं, ताट कुठे आहे?

"चाखून झालं ना," आई म्हणाली. "आता आनतीन."

सुनिलनं घडलं ते सांगितलं तेव्हा मला उलगडलं. शाळेत पोरांना वाढायच्या आधी एका वाटीत थोडी खिचडी काढून मास्तरांपुढे ठेवायची. मास्तर चाखणार, चांगली आहे म्हणणार, मगच पंगत बसणार. बावीस वर्षांत एक दिवस हा नेम चुकला नाही. एवढ्या मोठ्या ताटात एवढासा भात दुसऱ्या कशासाठी असणार? आईनं ते ताट सरळ जावयापुढे सरकवलं, कारण टेबलावर मास्तरांच्या जागी तोच. सुनिलनं एक चमचा खाऊन चांगलं आहे म्हटलं आणि ताट परत सरकवलं. तेवढ्यात वेटर आला. कसं वाटलं, असं त्यानं विचारलं. आईनं सांगितलं, जवाई चांगलं म्हणतात, आता आणा. तो खूश होऊन ताट उचलून घेऊन गेला. सुनिललाही वाटलं, अजून काहीतरी यायचं असेल. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस आमच्या आईच्याच पोटी जन्मायचा होता.

मी वेटरला बोलावून ताट परत मागितलं. त्याचा चेहरा उतरला. तो आत जाऊन आला आणि सांगू लागला की तो भात रोज मोजकाच करतात, आजचा संपला, दुसरं काही आणतो. माझं डोकं सणकलं. आवाज चढला तशी शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. आईनं माझं मनगट धरलं.

"त्याच्यावर काऊन चिल्लावतेस? ताटं उचलनाऱ्याले बोलू नये, बाई. उभं राहून राहून पाय दुखते."

ती कधी मोठ्यानं बोलत नाही, तेव्हाही बोलली नाही, पण मी वेटरला जाऊ दिलं. माझी बशी तिच्याकडे सरकवली. तिच्यातल्या पांढऱ्या चटणीचा वास घेऊन तिनं भूक नसल्याचं सांगितलं. मलाही घास गेला नाही. सुनिलच्या बशीत पनीरचे तीन तुकडे होते, तेवढे त्यानं खाल्ले आणि आम्ही उठलो. निघताना आईनं वेटरला त्याचं नाव आणि गाव विचारलं. मी मात्र गाडीत राजुरा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. रडू येत होतं आणि ते सुनिलला दिसू द्यायचं नव्हतं.

घरी पोचल्या पोचल्या मी तांदूळ धुतले. आई स्वयंपाकघरात आली, तिला बाहेर काढलं, पुन्हा आली, पुन्हा काढलं. कुकर नको, गंजात टाक, असं तिनं दारातूनच सांगितलं. तेवढं मी ऐकलं. एका शेगडीवर भात, दुसरीवर वरण, वरून लसणाची फोडणी. ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं तर ती सुनिलकडे बघायला लागली. जवाई उपाशी असताना सासू जेवते, असं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही.

"माझं तिथंच पोट भरलं, आई," सुनिल म्हणाला. "खूप झालं. तुमी जेवा."

तीन तुकडे पनीर खाल्लेला तो माणूस समोर बसून ग्लासभर पाणी प्यायला आणि वर पोटावरून हात फिरवला. त्या क्षणी मला त्याच्याबद्दल इतकी माया वाटली की मी गॅस पुसायचं सोंग केलं.

आई जेवली. भात कालवून, फुंकर घालून, सावकाश. वरणात मीठ कमी असल्याचं तिनं दोनदा सांगितलं. ताट संपलं तेव्हा तिनं ते माझ्यापुढे धरलं आणि अजून वाढ म्हणाली. असं मागताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मी वाढलं. तेही संपल्यावर ती म्हणाली, "आता खरवड आन."

माझा जुना राग एकदम वर आला. मी म्हटलं, आता काय गरज आहे तुला ती खायची? भात आहे अजून भरपूर. आयुष्यभर लोकांचं उरलेलं खाल्लंस, आज तरी नको.

आईला हसू आलं.

"उरलेलं कायचं? मले आवडते ते. वरची खिचडी उरली तरी तशीच ठेवत होतो कधी कधी, पन खरवडच खात होतो. तोंड फिरवून खावं लागे, नाई तं तू मागतली असती."

सुनिल ठसका लागेपर्यंत हसला. मी गंज उतरवला आणि तळ खरडला. तांबूस, कुरकुरीत, जरा करपलेली पोळीएवढी खरवड अख्खी निघाली. ती मी आईच्या ताटात ठेवली. तिनं वर चमचाभर तूप सोडलं, मोडून दोन तुकडे केले, दोन्ही हातांवर तोलून बघितले. लहान तुकडा मला दिला आणि मोठा स्वतःला ठेवला.