पुलापर्यंत मालनबाई

मी एक जुनी लाल स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, बुटकी, पोट जमिनीला टेकतंय की काय अशी. मित्रांनो, मला जुनी म्हटलेलं खपत नाही. पण बोनेटचा रंग उन्हानं उडालाय, तेव्हा खोटं कशाला बोलू? सध्या माझा मुक्काम माकणीला, तात्यारावांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली असतो. दुपारी पत्रा तापला की मला गुंगी येते. त्या गुंगीत तेरणा धरणाचं पाणी काचेसमोर हलत राहतं आणि मी उभ्या जागी धावत असते. तशाच गुंगीत तुम्हाला माझी हकिकत सांगते आहे. मध्येच डुलकी लागली तर सांभाळून घ्या.

कारखान्यातून निघाले ती मी थेट एका चकचकीत शोरूममध्ये जाऊन उभी राहिले. माझ्या शेजारी पिस्ता रंगाची एक गोलमटोल छोटी गाडी होती. नवरा-बायको आले की विक्रेता बाईंना तिच्याकडे न्यायचा. "मॅडम, ही बघा, चालवायला सोपी, पर्स ठेवायलाही जागा." आणि साहेबांना माझ्याकडे आणायचा. "सर, ही मर्दाची गाडी!" त्या बायका जाताना वळून वळून माझ्याकडेच बघायच्या, हे मी माझ्या आरशात चांगलं पाहिलेलं आहे. पण तेव्हा मी नवी होते, अक्कल कमी होती. 'मर्दाची गाडी' ऐकून मी अशी फुगायचे की विचारू नका.

पुण्याच्या एका तरुणानं मला विकत घेतलं आणि सहा वर्षं दामटलं. सिग्नलला उगीच गुरगुरायचं, कुणी पुढं गेलं की जळफळायचं, हेच आमचं काम. लोक माझे फोटो काढायचे. मग त्याचं मन दुसऱ्या गाडीवर बसलं आणि मी वर्षभर धूळ खात पडले. शेवटी सोलापूरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात माझी रवानगी झाली. तिथं मला तात्यारावांनी पाहिलं.

तात्याराव म्हणजे एस.टी.चे निवृत्त चालक. परंडा डेपोत त्यांची तीस वर्षं गेली, त्यातली निम्मी परंडा-कुर्डुवाडी फेरीवर. आता नजर अधू झाल्यामुळं त्यांना स्वतःला चालवता येत नव्हतं. पण मुलाला, बुद्धघोषला, लोहाऱ्याच्या बँकेत नोकरी लागली होती, आणि मुलाला शोभेल अशी गाडी त्यांना हवी होती. मला घरी आणलं त्या दिवशी साऱ्यांनी अंगणात त्रिशरण-पंचशील म्हटलं, शेजारपाजारी खीर वाटली. तात्याराव गल्लीभर सांगत सुटले, "वाघाला वाघाचीच गाडी पायजे!"

वाघ माझ्या बाजूला खाली मान घालून उभा होता. सहा फूट उंच, शांत, भला मुलगा. एका रविवारी मित्रांच्या आग्रहाखातर तो मला येडशीला रामलिंगला घेऊन गेला. घाटातल्या एका वळणावर समोरून ट्रक आला आणि त्याचे हात स्टिअरिंगवर आखडलेच. अपघात झाला नाही, पण त्याच्या तळव्यांचा घाम मला अजून आठवतो. त्यानंतर मला चालू करायचं म्हटलं की तो किल्ली नुसतीच हातात फिरवत बसायचा. पण वडिलांना सांगणार कसं? ते तर पारावर बसून त्याच्या वेगाच्या बाता मारत होते.

त्याच्या आईला मात्र न सांगता कळलं. आई म्हणजे मालनबाई, लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स. माणसाच्या नुसत्या मनगटाला हात लावून तिला बरंच काही समजतं. मायलेक सकाळी सोबतच लोहाऱ्याला निघायचे. घाटातल्या त्या रविवारनंतर पहिल्याच सकाळी, गावाबाहेरचा पूल ओलांडल्यावर ती म्हणाली, "थांबव. उतर. हिकडं बस."

"आई, तुला येतं?"

"दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सवर शिकलेय. पंधरा वर्षं झाली. लायसन पर्समधे हाय. तुझ्या पप्पांना वाटतंय, ते स्कूटीचं हाय."

मित्रांनो, खरं सांगते, मला अपमान वाटला. मी कोण, आणि ही पन्नाशीची, सुती साडी नेसलेली, पाय पुरत नाहीत म्हणून सीट पार पुढं ओढून खाली वाकळेची घडी घेणारी बाई कोण! मी मुद्दाम तीनदा बंद पडले. तिसऱ्या वेळी तिनं डॅशबोर्डवर हात ठेवला. लेकराला सुई टोचण्याआधी ठेवतात ना, तसा. म्हणाली, "भिऊ नगं गं. दुखायचं न्हाय."

त्यानंतर मी काही बंद पडले नाही. मला कळायच्या आत आम्ही चौथ्या गियरमध्ये होतो. दोन्ही बाजूंनी हुरड्याला आलेली ज्वारी सरकत होती, डावीकडं धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं, आणि माझ्या अंगात इतकी वर्षं साचलेली गुरगुर कुठं गेली कुणास ठाऊक. मी नुसती वाहत होते. गतिरोधक आला की पुण्याचा तो तरुण माझं पोट खरडायचा. मालनबाईनं मला तिरकी घेतली, एकेक चाक हलकेच वर चढवलं आणि तसंच उतरवलं. वीस वर्षं स्कूटीवरून खेडोपाडी लस टोचत फिरलेली बाई ती, रस्त्यातला खड्डा न् खड्डा तिच्या ओळखीचा.

मग रोजचाच रिवाज पडला. पुलापर्यंत बुद्धघोष चालवायचा, पुलापलीकडं मालनबाई. संध्याकाळी उलट. पुलापाशी मायलेक जागा बदलायचे, सीट मागं ढकलायची, वाकळ मागं टाकायची, आणि गावात शिरताना स्टिअरिंगवर मुलगा. दिवसभर मी दवाखान्यातल्या कडुलिंबाखाली उभी असायचे. बारीक पांढरा मोहर माझ्या काचेवर पडायचा आणि मी संध्याकाळच्या वाटेची स्वप्नं बघायचे. इतकं सुख मी जन्मात अनुभवलं नव्हतं.

पण एका संध्याकाळी जेवताना तात्यारावांनी जाहीर करून टाकलं. "परंड्याचं स्थळ जमलं की ही गाडी द्यायची. उमरग्याचं एक गिऱ्हाईक तयार हाय. संसारी माणसाला मोठी, पांढरी, चार दाराची गाडी पायजे." दारं उघडी होती, मला सगळं ऐकू आलं. कालपर्यंत वाघाची असलेली गाडी आज नकोशी का झाली, ते ना मला कळलं, ना मालनबाईला.

दुसऱ्या दिवशी पुलावर जागा बदलल्यावर तिनं मला चालूच केलं नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसली. "दिवसातला एवढाच तास माझा हाय," ती म्हणाली, मला की मुलाला, ते कळलं नाही. बुद्धघोषनं तिची पर्स आपल्या मांडीवर घेतली. आईसाठी बोलायचं तर आधी स्वतःची भीती सांगावी लागणार होती, आणि तीही लग्न ठरायच्या वेळी!

परंड्याची मंडळी रविवारी घर बघायला आली. मुलगी श्रावस्ती, औषधाच्या दुकानात काम करणारी, आणि तिचे मामा. सकाळी तात्यारावांसह सारी गल्ली विहारात वंदनेला गेलेली असताना मालनबाई माझ्यातून पेढे आणायला धावली होती. परत येऊन मला शेडखाली लावून उतरते तोच पाहुणे तासभर आधीच दारात हजर! "या, या, बसा," करत ती पेढ्यांचा पुडा पदराखाली घेऊन आत पळाली. मला धडधड व्हायला लागली. कारण सीट पुढंच राहिली होती आणि वाकळेची घडी तिथंच होती.

पोहे झाले, चहा झाला. मामांनी माझी कीर्ती ऐकलेली होती. तात्यारावांना तेवढंच निमित्त पुरलं. "बुद्धघोष, मामांना धरणापातूर चक्कर मारून आण. दाखव जरा!"

मामा डावीकडं बसले. बुद्धघोष उजवीकडून आत शिरला आणि अडकला. गुडघे स्टिअरिंगला, डोकं छताला, खाली वाकळ. मामा फस्सकन हसले. "अरे बापरे! एवढा उंच गडी, अन् सीट लेकराची?"

"गॅरेजवाल्यानं हलवली असंल," तात्याराव घाईघाईनं म्हणाले. "वढ की मागं."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, म्हण. दारात मालनबाई हातात ट्रे घेऊन उभी होती. बुद्धघोषनं तिच्याकडं पाहिलं आणि तो माझ्यातून बाहेर आला.

"गॅरेजवाल्यानं न्हाय. आईनं हलवली. गाडी आईच चालवती, मला भ्या वाटतं. येडशीच्या घाटात हात आखडले, तवापासून पुलाच्या पलीकडं मी एकदाही चालवली न्हाय. अन् पप्पा, ही गाडी इकू नका. ती आईची हाय."

मामा उतरले. "तात्याराव, तुम्ही तर वाघ म्हणून सांगितला होता."

तात्याराव खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांचा आवाज पार उतरला होता. "मला ठावं व्हतं," ते म्हणाले.

"काय ठावं व्हतं?" मालनबाई पायरी उतरून खाली आली.

"डोळं गेलंत, कान न्हाय गेलं. सांजच्याला वारं हिकडचं असलं की लांबनं आवाज येतो. पुलापातूर गाडी तुपावाणी येती. पूल आला की थांबती. अन् तिथनं म्होरं गचकं सुरू. तीस वर्सं गाडी हाकलेल्या माणसाला गियर कोण टाकतंय ते कळणार न्हाय व्हय?"

"मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलू?" ते आपल्या तळहातांकडं बघत राहिले. "बायामाणसाच्या हातात स्टिअरिंग नगं, हे डेपोत सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणायचो. अन् मालन, तुझ्यावाणी दुसरा गियर मला तीस वर्सांत एकदाबी पडला न्हाय. रोज कानावर पडायचं. सोसंना झालं, म्हणून इकायला काढली."

मालनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं नाही. मामा म्हणाले, "श्रावस्ती, निघायचं का?" ती उठली नाही. तिनं बुद्धघोषला विचारलं, "मग तुम्हाला जायला काय आवडतं?"

"एस.टी.," तो म्हणाला. "खिडकी मिळाली तर पुस्तक वाचत जातो."

"मला पण. असल्या गाडीत मला मळमळतं." आणि ती हसली. मामांनी एकदा भाचीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मुकाट्यानं आणखी एक पेढा उचलला. त्यावरून मला वाटतं, पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

पाहुणे गेल्यावर तात्याराव काठी टेकत माझ्यापाशी आले. डावीकडचं दार चाचपलं. चालक म्हणून जन्म गेला, डावीकडं बसायची सवयच नव्हती. डोकं आपटलं, पाय कुठं ठेवावा ते कळेना. मालनबाईनं त्यांचा पट्टा लावला, उजवीकडं येऊन वाकळ नीट केली आणि मला चालू केलं. गल्लीतून निघालो तशी पारावरची माणसं उठून बघायला लागली. त्यांच्यापैकी कुणीतरी शीळ घातली. पूल आला, पूल गेला. मालनबाईची नजर सरळ रस्त्यावर होती.

धरणाकडच्या सरळ रस्त्याला लागल्यावर तात्यारावांनी काच खाली केली. ऊन कललं होतं, पाण्याचा वास येत होता. ते डोळे मिटून ऐकत होते. मी चौथ्या गियरमध्ये गेले, आणि त्यांनी हळूच गुडघ्यावर बोटानं ठेका धरला.

"मालन," ते म्हणाले, "जरा पळव की."

आणि मी जी पळाले, मित्रांनो! मला माझं वय आठवलं नाही, उडालेला रंग आठवला नाही. मालनबाई पोरीसारखी खिदळत होती. मी मर्दाची नव्हते, बाईची नव्हते. जिला मी मनापासून हवी होते, तिच्या हातात होते.

उमरग्याचं गिऱ्हाईक परत गेलं. आता माझे सुटे भाग मिळत नाहीत, थंडीत चालू व्हायला मी वेळ लावते, आणि डाव्या सीटवरून तात्याराव ओव्हरटेकवरून भांडतात ते वेगळंच. पण रविवारी मालनबाई स्वतः तेल-पाणी बघते, चाकांतली हवा तपासते. तेवढ्यावर माझं बरं चाललंय. मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी मोटारसायकल असेल, ट्रॅक्टर असेल, गाडी असेल. तिला वेळेवर धुवा, हवा भरा. आणि एकदा घरातल्या प्रत्येकाला, अगदी आईलासुद्धा, विचारा की चालवायची आहे का. कुणी हो म्हणालं तर किल्ली द्या आणि शिकू द्या. कुणी भीती वाटते म्हणालं तर त्याला हसू नका. बुद्धघोषला ते एक वाक्य बोलायला दीड वर्ष लागलं, आणि तेवढे दिवस त्याची आई रोज पुलापाशी उतरत राहिली.