पंपघराच्या पाच कमानी

बाईंनी तीस वर्षांत चाळीस पंपघरं बांधली होती आणि सगळी चालू होती. पाणीपुरवठा खात्याच्या त्या आर्किटेक्ट. त्यांचं म्हणणं साधं होतं: छत गळता कामा नये, आणि मोटर बिघडली तर ती उचलून बाहेर काढता आली पाहिजे.

मग नवा नियम आला. सरकारी पैशातून उभी राहणारी प्रत्येक इमारत आधी एका स्वतंत्र परीक्षण मंडळापुढे न्यायची. खात्याबाहेरचे पाच जाणकार आराखडे बघणार, प्रश्न विचारणार आणि सूचना लेखी देणार. आजवर नाट्यगृहं आणि वाचनालयं तपासलेली ही माणसं आता आपलं नवं पंपघर बघणार म्हटल्यावर बाईंनी त्याचा आराखडा पुन्हा उघडून टेबलावर पसरला.

"मावशी, हे असं नेलं तर हसतील आपल्याला," भाचा म्हणाला. तो तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली आराखडे काढत होता आणि ऑफिसातही त्यांना मावशीच म्हणायचा. "नुसती विटांची पेटी दिसतेय. डोळ्यात भरेल असं काहीतरी हवं."

एरवी बाईंनी त्याला उडवून लावलं असतं. या वेळी त्यांनी त्याचं ऐकलं, आणि दोन दिवसांत दोघांनी मिळून पंपघराला पार नटवून टाकलं. रस्त्याच्या बाजूला पाच कमानी आल्या. कमानींवर वेली चढल्या. छतावर लाटेसारखा वळलेला पत्रा आला. घरी नवऱ्याने चष्मा कपाळावर सरकवून ते चित्र नीट न्याहाळलं आणि विचारलं, "इथे लग्नंही लावणार का?"

"तुम्हाला यातलं काही कळत नाही," बाई फणकारल्या. पण त्यांना स्वतःलाही ते चित्र पुन्हा बघवेना.

मंडळाची बैठक एका लांबट खोलीत होती. भिंतीवर आराखडे टाचले, टेबलावर पुठ्ठ्याचं मॉडेल ठेवलं आणि बाई बोलायला उभ्या राहिल्या. पंप कुठे, पाण्याचा दाब किती, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंत किती जाड, हे सगळं त्यांनी कागद न बघता सांगितलं. कमानींपाशी आल्यावर मात्र त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

अध्यक्ष होत्या पांढऱ्या आखूड केसांच्या एक आजी. जन्मभर त्यांनी इस्पितळं बांधली होती. त्या उठल्या, वाकून मॉडेलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "आतलं कोणी काढलं?"

"मी."

"आणि बाहेरचं?"

बाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने जमिनीकडे पाहिलं.

"तेही मीच. म्हणजे, आम्ही दोघांनी."

"आतल्याला किती दिवस लागले?"

"चार महिने."

"आणि बाहेरच्याला?"

"दोन दिवस," बाई म्हणाल्या, आणि आता लपवून काय उपयोग असं वाटून पुढे म्हणाल्या, "तुमच्यासाठी केलं."

टोकाला बसलेल्या इंजिनिअरला हसू आवरेना, आणि बघता बघता सगळं टेबल हसू लागलं. शेवटी बाईही हसल्या. "आमच्यासाठी कमानी काढणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही," अध्यक्षबाई डोळे पुसत म्हणाल्या. "या उचकटून टाकू का?" बाईंनी मान डोलावली. भाच्याचा डिंक कच्चाच होता. पाचही कमानी एका बोटाने निघून हातात आल्या.

एक सदस्य बागांची आखणी करणारे होते. त्यांनी आराखड्यावरच्या एका लहान चौकोनावर पेन्सिल टेकवली. "इथे कोण बसतं?"

"ऑपरेटर. मीटरवर लक्ष ठेवायला."

"किती तास?"

"आठ."

"त्याला समोर काय दिसतं?"

बाईंनी आपलाच आराखडा नव्याने बघावा तसा पाहिला. "भिंत," त्या म्हणाल्या. चाळीसच्या चाळीस पंपघरांत भिंतच होती.

परतीच्या वाटेवर भाचा सुटल्यासारखा बडबडत होता. बाईंचं लक्ष नव्हतं. त्यांनी गाडी वळवायला लावली आणि थेट आपल्या एका जुन्या पंपघरात गेल्या. तिथला ऑपरेटर बावीस वर्षं त्याच खुर्चीत बसत होता. सगळे त्याला दादा म्हणत.

"दादा, इथे खिडकी असती तर कुठल्या बाजूला हवी होती?"

दादा दचकून उभा राहिला. "कोणी तक्रार केली का, बाई?"

"नाही हो. मीच विचारतेय. आधीच विचारायला हवं होतं."

दादाने बराच विचार केला आणि रस्त्याच्या बाजूला बोट दाखवलं. "तिकडे. बसस्टॉप आहे ना तिथे. पाऊस पडतोय की ऊन आहे, ते मला घरी निघाल्यावरच कळतं."

"पण लोकांना आतलं सगळं दिसेल."

"दिसू दे की. मी काय लपवतोय?"

दीड महिन्याने बाई पुन्हा मंडळापुढे उभ्या राहिल्या. या वेळी साधी विटांची भिंत होती आणि तिच्यात रस्त्याकडे तोंड करून दुहेरी काचेची मोठी खिडकी. आत ऑपरेटरची खुर्ची, बाहेर, या जागेसमोरही बसस्टॉप होता म्हणून, बसची वाट बघणाऱ्यांना टेकता येईल असा रुंद कट्टा. विटेच्या रंगावर मंडळ अर्धा तास आपसातच भांडलं. बागवाल्या सदस्यांनी कट्ट्याशेजारी पेन्सिलने एक झाड काढून दाखवलं.

"मुळं पाइपात शिरतील," बाई म्हणाल्या. "झाड नको."

"मग नको," ते म्हणाले आणि त्यांनी ते खोडून टाकलं. आराखडा मंजूर झाला.

पुढच्या वर्षी पंपघर सुरू झालं आणि दादाची बदली बाईंनी मुद्दाम तिथेच करवून घेतली. आठवड्याच्या आत त्याचा फोन आला.

"बाई, काच पुसायचं काम कोणाचं? लोक नाक लावून बघतात. काल एका आजोबांची बस चुकली, ते मलाच बोलले."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पुढची येईपर्यंत थांबा, आता दुसरा पंप चालू करतोय."

बाईंनी कागद ओढला आणि काच पुसायला माणूस मिळावा म्हणून अर्ज लिहायला बसल्या.