बाळ नसताना दिलेली बाज

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो. मारुंजीच्या सगुणाबाईंच्या घरची. बाभळीचे चार पाय, सुंभाचं विणकाम आणि स्वभाव किंचित कुरकुरा. विणणारा म्हणाला होता, "ही नातवंडांनाबी पुरंल!" असं तो प्रत्येक बाजेबद्दल म्हणायचा; माझ्या बाबतीत चुकून खरं ठरलं.

गावात कुणी बाळंत झाली की मला तिच्या घरी नेत. वर बाळंतीण, खाली शेगडी, भोवती सल्ले. सव्वा महिना माझा थाट. नंतर अंगणात माझ्यावर मिरच्या वाळत. मोठेपण हे असं मुदतीचं असतं.

२००३ साली वरच्या खोलीत उत्कर्षा आणि अनिमेष भाड्यानं राहत. दोघंही हिंजवडीला नोकरीला. आत्ता मूल नको, असं दोघांनी विचार करून ठरवलं आणि उत्कर्षानं दवाखान्यात जाऊन गर्भपात करून घेतला. सोमवारी ती कामावरही गेली. तब्येत ठणठणीत, फक्त जेवण जाईना आणि बोलणं बंद झालं. तिचं मन रमावं म्हणून अनिमेषनं रंगीत टीव्ही आणला. मग ती टीव्हीसमोर बसून रडू लागली.

एका रविवारी अंगणात कपडे वाळत घालताना तिनं सगुणाबाईंना सगळं सांगून टाकलं. "काकू, चुकलं असं वाटत नाही. उलट सुटल्यासारखं वाटतं. मग रडू का येतं? माझं काही बिघडलंय का?"

सगुणाबाईंनी माझ्यावरच्या मिरच्या गोळा केल्या आणि मला झटकलं.

शेजारच्या सखूचे कान कुंपणालाच टांगलेले असत. "आगं सगुणे, बाज कुणाला?"

"हिला."

"आन् बाळ कुटं हाय?"

"बाळाला पाळणा आसतो. बाज बाईसाटी आसती."

झालं! भर उन्हाळ्यात माझ्याखाली शेगडी आली, उत्कर्षाच्या कानांना फडकं आलं, हातात डिंकाचा लाडू आला. तिला आधी घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेचना.

"काकू, दोन्ही एकदम कसं होतंय?"

"हुंदे की. बाज मजबूत हाय."

संध्याकाळी सखू आली ती थेट माझ्या पायथ्याशी टेकली. बराच वेळ सुंभ चाचपत राहिली.

"मीबी येकदा पोट पाडलं हुतं. आमच्या कैलासच्या पाठीवर. दुसऱ्या दिशी भाताच्या लावणीला गेले."

"मग बाज का न्हाई मागितलीस?" सगुणाबाईंनी विचारलं.

"मागायची आसती, ह्ये कुटं ठावं हुतं?"

सगुणाबाई म्हणाल्या, "उत्कर्षा, सरक गं जरा. सखूलाबी आडवं हुंदे."

विणणाऱ्यानं दोघींचा अंदाज धरला नव्हता. मी कुरकुरले, पण तुटले नाही.

त्यानंतर उत्कर्षा जेवू लागली, रिमोटवरून अनिमेषशी भांडूही लागली. अधूनमधून डोळे भरायचे. तेव्हा ती कुणाला न विचारता माझ्यावर येऊन बसायची, आणि उठताना दोन मिरच्या घेऊन जायची.

आता २०१० उजाडलं. समोर सोसायटी उभी राहिली, मी गच्चीवर गेले. तरी बायका अजून मला न्यायला येतात; काहींकडे बाळ असतं, काहींकडे नसतं. तेव्हा मित्रांनो, एवढं करा. माझी पायथ्याची दोरी सैल झाली की ओढून घ्या. आणि दारात कुणी बाज मागायला आली, तर बाळाची चौकशी राहू द्या. आधी अंथरूण घाला.